गाठ फुप्फुसाची, भाषा मेंदूची

बंगळूरच्या पूर्वेचे के. आर. पुरम, म्हणजे कृष्णराजपुरम, रेल्वेरुळांवरच्या तारांच्या पुलासाठी आणि वाहतुकीच्या कोंडीसाठी ओळखले जाते. तिथून मेट्रोच्या जांभळ्या मार्गाने व्हाइटफील्डकडे निघाले की पट्टंदूर अग्रहार स्थानकापाशी इंटरनॅशनल टेक पार्कच्या इमारती लागतात. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या त्या वस्तीत ‘इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स’ ही संशोधनसंस्था आहे. 2014 साली ‘नेचर’ या नियतकालिकात मानवी प्रथिनांच्या नकाशाचा एक मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर हे काम करणाऱ्यांत या संस्थेचे अनेक संशोधक होते. निरोगी माणसाच्या 30 प्रकारच्या ऊती आणि पेशी तपासून त्यांनी 17,294 जनुकांची प्रथिने नोंदवली. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. तरी यकृताची पेशी त्यातली काही जनुके वापरते आणि मेंदूची पेशी काही वेगळीच. पेशीचा स्वभाव ठरतो तो या वापरावरून. हीच गोष्ट कर्करोगाच्या एका कठीण प्रश्नाला लावून पाहायची आहे. फुप्फुसातला कर्करोग मेंदूत पसरतो तेव्हा तिथे उभी राहणारी गाठ ही फुप्फुसातल्या गाठीची नक्कल असते का? माझे उत्तर असे आहे की ती नक्कल नसते, आणि म्हणून तिची साक्ष वेगळी नोंदवायला हवी.

आधी ‘जनुक अभिव्यक्ती’ म्हणजे काय ते पाहू. माणसाच्या पेशीत प्रथिने बनवणारी सुमारे 20 हजार जनुके असतात. एखादे जनुक वापरात आले की त्याच्या डीएनएवरून आरएनएची प्रत निघते आणि त्या प्रतीवरून प्रथिन तयार होते. कोणत्या जनुकाच्या किती प्रती निघत आहेत, याची मोजदाद म्हणजे अभिव्यक्तीची मोजदाद. प्रयोगशाळेत गाठीचा मोहरीएवढा तुकडा घेतात, त्यातला आरएनए वेगळा काढतात, यंत्रावर त्याचे कोट्यवधी छोटे तुकडे वाचतात आणि प्रत्येक तुकडा कोणत्या जनुकाचा हे संगणकावर जुळवतात. शेवटी हाती येतो तो एक लांबलचक तक्ता: डावीकडे जनुकांची नावे, पुढे प्रत्येक नमुन्यातले आकडे. जनुकातला बिघाड, म्हणजे उत्परिवर्तन, ही वेगळी गोष्ट. ती डीएनएतली अक्षरचूक असते आणि एकदा झाली की सहसा कायम राहते. अभिव्यक्ती मात्र पेशी कुठे आहे, शेजारी कोण आहे, प्राणवायू किती मिळतो, औषध कोणते चालू आहे यांनुसार तासांत बदलू शकते. चूक तीच राहून वागणूक बदलते. मेंदूतल्या प्रसाराचा उलगडा करताना हा फरक सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

भारतात दरवर्षी 80 हजारांहून अधिक लोकांना फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान होते, असा जागतिक कर्करोग नोंदणीचा 2022 सालचा अंदाज आहे. शरीरात इतरत्र सुरू होऊन मेंदूत पसरणाऱ्या कर्करोगांत सर्वांत मोठा वाटा फुप्फुसाचाच असतो. याचे एक कारण रक्ताच्या वाटेत आहे. इतर अवयवांतून सुटलेली कर्कपेशी आधी फुप्फुसांतल्या बारीक केशवाहिन्यांत गाळली जाते. फुप्फुसातून सुटलेली पेशी मात्र थेट हृदयाच्या डाव्या बाजूला जाते आणि तिथून धमन्यांत. मेंदूपर्यंत मध्ये दुसरी गाळणीच नाही. त्यात मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के असूनही हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सहावा-सातवा हिस्सा तो एकटा घेतो. पण एवढ्यावर प्रश्न सुटला असता तर मूत्रपिंडांतही फुप्फुसाच्या कर्करोगाच्या गाठी तितक्याच आढळल्या असत्या, कारण मूत्रपिंडांना मेंदूपेक्षाही जास्त रक्त जाते. तसे घडत नाही. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी 1889 साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासून हेच दाखवले होते की गाठी कुठेही, कशाही उगवत नाहीत. त्यांनी बी आणि जमीन यांची उपमा वापरली. आपल्या शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. बी कितीही चांगले असो, रानात वाफसा नसेल तर पेरणी वाया जाते. पॅजेट यांच्या काळात मात्र जमीन बियाला आतून किती बदलते हे दिसायला साधन नव्हते. आज ते आहे.

मेंदूची जमीन परक्या पेशीसाठी कमालीची कठोर असते. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट विणलेल्या असतात. हाच रक्त-मेंदू अडसर. तो ओलांडून आलेल्या पेशीला आत ताऱ्यासारख्या फांद्या असलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी गाठतात. उंदरांवरच्या प्रयोगांत मेंदूत शिरलेल्या बहुतेक कर्कपेशी तिथेच मरतात, असे दिसले आहे. का मरतात, याचा एक सुरेख उलगडा 2014 साली न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग केंद्रातील जोआन मासाग्वे यांच्या गटाने ‘सेल’ या नियतकालिकात मांडला. कर्कपेशी आली की मेंदूतल्या पेशी प्लास्मिन नावाचे विकर तयार करवतात. हे प्लास्मिन दोन घाव घालते. अ‍ॅस्ट्रोसाइटच्या पृष्ठभागावरचा एक मृत्युसंकेत तोडून ते कर्कपेशीवर सोडते आणि ज्या रेणूच्या आधाराने कर्कपेशी रक्तवाहिनीला बिलगून पसरते, तो रेणूही कापून टाकते. जगणाऱ्या मोजक्या पेशी काय करतात? त्या न्यूरोसर्पिनसारखी प्लास्मिनला रोखणारी प्रथिने भरपूर बनवतात. न्यूरोसर्पिन हे एरवी मुख्यतः चेतापेशींचे प्रथिन. म्हणजे फुप्फुसात जन्मलेली पेशी मेंदूत तगते ती मेंदूचेच शब्द उच्चारून. 2016 साली याच गटाने पुढचे पाऊल दाखवले: टिकलेल्या कर्कपेशी प्रोटोकॅडहेरिन-7 या प्रथिनाच्या मदतीने अ‍ॅस्ट्रोसाइटशी सूक्ष्म नळ्या जोडतात आणि त्या जोडणीतून त्यांना संदेश पाठवून स्वतःच्या वाढीला पोषक रसायने त्यांच्याकडून मिळवतात. मारायला आलेल्या शेजाऱ्यालाच त्या कामाला लावतात.

याहून बोलका पुरावा 2015 सालचा आहे. टेक्सासच्या एमडी अँडरसन केंद्रातील दिहुआ यू यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये पीटीईएन या जनुकाबद्दल लिहिले. पेशीच्या वाढीला लगाम घालणारे हे जनुक. मेंदूत पसरलेल्या गाठींमध्ये पीटीईएनचे प्रथिन नाहीसे झालेले आढळले, पण जनुकात बिघाड सापडेना. मग कळले की अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी सूक्ष्म थैल्यांमधून छोटे आरएनए कर्कपेशींकडे पाठवतात आणि ते पीटीईएनला गप्प करतात. पुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्याच कर्कपेशी मेंदूबाहेर काढून वाढवल्या, तेव्हा पीटीईएन पुन्हा काम करू लागले. हे प्रयोग प्रामुख्याने स्तनाच्या कर्करोगाच्या आणि मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींवर झाले, त्यामुळे फुप्फुसाच्या प्रत्येक रुग्णाला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण तत्त्व स्पष्ट आहे. डीएनएची तपासणी अशा गाठीला निर्दोष ठरवेल. दोष दिसेल तो अभिव्यक्ती मोजल्यावरच, आणि तीही मेंदूतल्या गाठीत मोजल्यावर. फुप्फुसातला तुकडा हे सांगू शकत नाही, कारण तिथे ते घडलेलेच नसते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. औषधे उत्परिवर्तनांवर चालतात, मग अभिव्यक्तीच्या तक्त्यांत वेळ का घालवायचा? मुंबईच्या परळमधील टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी 2013 साली भारतातील 907 रुग्णांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका प्रकाराची, म्हणजे अ‍ॅडेनोकार्सिनोमाची तपासणी प्रसिद्ध केली. 23 टक्के गाठींमध्ये ईजीएफआर जनुकात बिघाड होता. अशा रुग्णांना नुसती गेफिटिनिब या ईजीएफआरवरच्या औषधाची गोळी द्यावी की तिच्यासोबत केमोही द्यावी, हे ठरवण्यासाठी टाटातच 350 रुग्णांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2020 साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी’त आले. नुसत्या गोळीवर आजार साधारण 8 महिने आटोक्यात राहिला, दोन्ही दिल्यावर 16 महिने. किंमतही मोजावी लागली: तीव्र दुष्परिणाम सुमारे चौथ्या हिश्शाऐवजी निम्म्या रुग्णांत दिसले. या चाचणीत मेंदूत प्रसार झालेले रुग्णही होते. परळच्या या कामाने जगभरच्या डॉक्टरांना विचार करायला लावले, आणि त्याच्या मुळाशी उत्परिवर्तनाचीच तपासणी होती. तेव्हा त्या तपासणीचे मोल कोणी कमी लेखू नये. माझे म्हणणे एवढेच की उत्परिवर्तन कोणते औषध चालेल ते सांगते. मेंदूत पोचलेली पेशी तिथे कशी जगते आणि औषध चालू असताना का टिकते, याची उत्तरे पुष्कळदा अभिव्यक्तीत असतात. एक तपासणी दुसरीची जागा घेत नाही.

शिवाय उत्परिवर्तनांच्या बाबतीतही मेंदूची गाठ वेगळी निघते. संशोधक प्रिसिला ब्रास्टिआनोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली 86 रुग्णांची मूळ गाठ आणि त्याच रुग्णाची मेंदूतली गाठ शेजारी ठेवून तपासली. 53 टक्के रुग्णांमध्ये मेंदूतल्या गाठीत उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा असा एखादा बदल सापडला, जो मूळ गाठीच्या तुकड्यात नव्हता. यावर कोणी म्हणेल, चौथ्या स्टेजला, डोक्यात पसरल्यावर, एवढे बारकावे शोधून रुग्णाच्या पदरात काय पडणार? दोन दशकांपूर्वी हा प्रश्न बिनतोड वाटला असता. आज नाही. एएलके जनुकातील बिघाडाने होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगात अ‍ॅलेक्टिनिब आणि जुने क्रिझोटिनिब यांची तुलना 2017 साली प्रसिद्ध झाली. वर्षभरात मेंदूतला आजार वाढण्याचे प्रमाण क्रिझोटिनिब घेणाऱ्यांत 41.4 टक्के होते, अ‍ॅलेक्टिनिब घेणाऱ्यांत 9.4 टक्के. दोन्ही औषधांचे लक्ष्य तेच. मोठा फरक हा की एक मेंदूत नीट पोचते, दुसरे फारसे पोचत नाही, कारण अडसराच्या भिंतीतले प्रथिनांचे पंप ते बाहेर फेकतात. ईजीएफआरच्या रुग्णांत ओसिमर्टिनिब या औषधानेही मेंदूतल्या गाठी आक्रसतात. मेंदू हा वेगळा प्रदेश आहे हे लक्षात घेऊन औषध बनवले की मेंदूतला आजार अधिक आटोक्यात राहतो, हे यातून दिसले आहे.

दुसरा आक्षेप संशोधनाच्या आतूनच येतो आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. मेंदूतल्या प्रसाराशी संबंधित जनुकांच्या याद्या पुष्कळ प्रसिद्ध होतात, पण एका यादीतली नावे दुसरीत क्वचितच सापडतात. मग विश्वास कशावर ठेवायचा? याद्या का जुळत नाहीत ते जवळून पाहू. समजा, फुप्फुसातल्या 30 गाठी आणि मेंदूतल्या 30 गाठी घेतल्या, दोन्हींचा तुकडा सबंध दळला आणि आरएनए मोजला. मेंदूच्या गाठींत जीएफएपी हे जनुक ‘वाढलेले’ दिसेल आणि एसएफटीपीसी हे ‘घटलेले’. घाईत असलेला विद्यार्थी दोन्ही नावे यादीत घालेल. पण जीएफएपी हे अ‍ॅस्ट्रोसाइटचे जनुक आहे. गाठीच्या कडेला चिकटून आलेल्या मेंदूच्या चिमूटभर भागातून ते आले. एसएफटीपीसी हे फुप्फुसातल्या निरोगी वायुकोशांच्या पेशींचे. मूळ गाठीच्या तुकड्यात ते फुप्फुस थोडे मिसळलेले होते. कर्कपेशी यात कदाचित काहीच बोललेली नाही, बोलले ते शेजारी. त्यात गणिताची चूक मिसळते. 20 हजार जनुके एकेक करून तपासली आणि 5 टक्क्यांची नेहमीची मर्यादा लावली, तर प्रत्यक्षात काहीही फरक नसला तरी हजारभर जनुके नुसत्या योगायोगाने ‘महत्त्वाची’ ठरतील. त्यासाठी दुरुस्तीची गणिते आहेत, पण नमुने थोडे असले की तीही अपुरी पडतात.

म्हणून याद्या टाकून द्यायच्या का? मला तसे वाटत नाही. यादी ही शोधाची सुरुवात आहे, एवढे मानले की पुष्कळ गोंधळ संपतो. आणि वरच्या दोषांवर उपायही निघाले आहेत. दक्षिण कोरियातील संशोधकांनी 2020 साली फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या 44 रुग्णांच्या गाठी आणि इतर नमुने दळले नाहीत. त्यातल्या 2,08,506 पेशी सुट्या करून प्रत्येकीची अभिव्यक्ती स्वतंत्र मोजली. त्यात मेंदूत पसरलेल्या गाठीही होत्या. असे केले की कर्कपेशी काय बोलते, अ‍ॅस्ट्रोसाइट काय बोलते आणि प्रतिकारपेशी काय बोलतात हे वेगवेगळे ऐकू येते. आरएनएची प्रत निघाली म्हणजे प्रथिन तयार झालेच असे नाही, हा तिसरा आक्षेपही रास्त आहे, आणि तो आपल्याला पुन्हा व्हाइटफील्डच्या संस्थेच्या प्रथिन-नकाशाकडे नेतो. 2014 च्या त्या मसुद्यावर टीका झाली होती. त्याची कडक फेरतपासणी करणाऱ्यांनी दाखवले की नाकातली ऊती घेतलेलीच नसताना वास ओळखणारी प्रथिने नोंदवली गेली आहेत, म्हणजे ओळखीचे निकष सैल होते. निकष घट्ट करण्याचे काम पुढे जगभर झाले. विज्ञान असेच पुढे सरकते: कोणीतरी पूर्ण तक्ता उघड करतो, दुसरा त्यातली चूक दाखवतो. अभिव्यक्तीच्या याद्यांनाही हीच शिस्त हवी. आधी आरएनए, मग त्याच गाठीत प्रथिन, मग ते प्रथिन बंद केल्यावर पेशी मरते का, आणि मगच रुग्णाचा विचार.

उरतो तो भारतापुरता प्रश्न. अभिव्यक्तीचे तक्ते 2000 सालापासून अमेरिकेच्या सार्वजनिक संग्रहात मोफत मिळतात. के. आर. पुरमच्या महाविद्यालयातली विद्यार्थिनी आपल्या लॅपटॉपवर ते उतरवून विश्लेषण करू शकते, आणि तिने ते करावे. पण त्या तक्त्यांत भारतीय रुग्ण फार थोडे आहेत. आपल्याकडे तंबाखू न ओढणाऱ्यांनाही हा आजार होतो आणि ईजीएफआरचा बिघाड पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा जास्त आढळतो. तिथले निष्कर्ष इथे गृहीत धरणे धोक्याचे आहे. संगणक आणि माणसे आपल्याकडे आहेत, तुटवडा आहे जोडीच्या नमुन्यांचा: एकाच रुग्णाची फुप्फुसातली आणि मेंदूतली गाठ. बंगळुरातच पाहा. 1973 साली सुरू झालेले किदवाई कर्करोग रुग्णालय आणि मेंदूविकारांची राष्ट्रीय संस्था निम्हान्स जवळजवळ शेजारी आहेत. निम्हान्समध्ये 1995 पासून मानवी मेंदूच्या ऊतींची पेढी चालते. फुप्फुसाची बायोप्सी एका रुग्णालयात झाली आणि मेंदूची शस्त्रक्रिया दुसरीकडे झाली, तर एकाच माणसाचे दोन पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले गाठीचे तुकडे, दोन कपाटांत, दोन क्रमांकांनी राहतात. ते एकत्र आणायला नवे यंत्र लागत नाही. रुग्णाची संमती, एक सामायिक क्रमांक आणि गाठ काढल्यावर तिचा छोटा तुकडा काही मिनिटांत गोठवण्याची सवय लागते, कारण आरएनए लवकर नासतो. प्रत्येक रुग्णाच्या मेंदूची शस्त्रक्रिया होत नाही आणि केवळ संशोधनासाठी ती करूही नये. पण जिथे उपचारासाठी गाठ काढावीच लागते, तिथे ती अहवालाचे एक वाक्य लिहून कपाटात टाकणे हे त्या रुग्णाने सोसलेल्या त्रासाचे मोल ओळखण्यासारखे नाही.

रुग्णाच्या घरच्यांसाठीही यातून काही निघते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाला नव्याने डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, फिट, एका बाजूची ताकद जाणे किंवा दुहेरी दिसणे सुरू झाले, तर ‘केमोचा त्रास असेल’ म्हणून वाट पाहू नका. डॉक्टरांना लगेच सांगा, मेंदूच्या एमआरआयबद्दल विचारा. मेंदूतली गाठ काढली गेली तर तिचीही जनुक-तपासणी होणार का, हे विचारा. शस्त्रक्रिया शक्य नसेल तेव्हा पाठीतून काढलेल्या पाण्यात गाठीचा डीएनए शोधता येतो का, हेही विचारण्यासारखे आहे. स्लाइड आणि ब्लॉक नीट जपा, रुग्णालय बदलताना दोन्ही ठिकाणचे मागून घ्या. मेंदूत पोचलेली गाठ स्वतःबद्दल जे सांगते ते फुप्फुसातल्या जुन्या तुकड्यातून कळत नाही. तिचा ब्लॉक हरवू देऊ नका.